एक ते एक चाळीस

मास्तरांनी माइकचं बटण दाबलं, घसा साफ केला आणि कागदावर लिहून आणलेला प्रश्न वाचून दाखवला. कंपनीच्या हिशेबात ‘इतर खर्च’ अशी एक ओळ असते. ती गेल्या सहा वर्षांत चौपट झाली आहे. त्या ओळीत नेमकं आहे तरी काय?

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या कंपनीचे वरिष्ठ एका टोकाला आणि तिच्या शेअरमध्ये पैसे घातलेली किंवा घालू पाहणारी दीडशे माणसं दुसऱ्या टोकाला, असा तो फोन होता. एरवी अशा फोनवर सगळे एकमेकांशी फार गोड बोलतात. त्या मंगळवारी कुणाच्याच तोंडात साखर नव्हती. कंपनीचा नवा गेम दीड वर्ष पुढे ढकलल्याची बातमी फुटली होती आणि तीन दिवसांत शेअर दोनशे दहावरून एकशे तीसवर घसरला होता. ज्याला त्याला इतरांच्या आधी दाराबाहेर पडायचं होतं.

“तो आमचा सोबती विभाग,” कंपनीचे वित्तप्रमुख म्हणाले.

मग त्यांनी खुलासा केला. कंपनीचा जो जुना गेम आजही चालतो, तळ्याकाठच्या गावाचा, त्यात बरेच लोक एकटेच येतात. एकटा माणूस कंटाळतो आणि निघून जातो. म्हणून कंपनीने चारशे माणसं पगारावर ठेवली आहेत. ती कामाच्या दिवशी, ठरलेल्या वेळी, साध्या खेळाडूंसारखी गावात येतात, कुणी एकटं बसलेलं दिसलं की शेजारी बसतात, चार शब्द बोलतात. यातली पगारी माणसं कोणती ते खेळाडूंना सांगितलं जात नाही. सांगितलं तर मग त्यात राहिलं काय? पण आता काटकसर करायची आहे, तेव्हा महिनाअखेरीला हा विभाग बंद होईल.

“उत्तम,” फोनवर कुणीतरी म्हणालं. दुसऱ्याने वर्षाला किती वाचतील ते विचारलं. आकडा सांगितला गेला, आणि दीडशे ठिकाणी एकदम बोटं चालायला लागली असावीत.

मास्तरांनी बटण दाबून आपला आवाज बंद केला. त्यांच्या कागदावर आणखी एक प्रश्न लिहिलेला होता, पण तो विचारायचं त्राण त्यांच्यात राहिलं नाही. घड्याळात एकला दहा मिनिटं कमी होती.

मास्तर म्हणजे कुणी शाळेतले मास्तर नव्हते. लोकांच्या बचतीचे पैसे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात ते कंपन्यांची किंमत ठरवायचं काम करत. बाजारात शेअर जेवढ्याला मिळतो तो त्याचा भाव, आणि तो खरोखर जेवढ्याचा आहे ती त्याची किंमत. या दोहोंतलं अंतर शोधायचं, हा त्यांचा धंदा. दुसऱ्यांच्या अहवालांवर लाल पेन्सिल चालवायची खोड असल्यामुळे ऑफिसने त्यांना मास्तर करून टाकलं होतं. आता चोपन्नाव्या वर्षी त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं बहिणीखेरीज कुणी उरलं नव्हतं. बायको अठरा वर्षांपूर्वी निघून गेली होती. भांडणबिंडण काही झालं नव्हतं. भांडण व्हायला आधी बोलणं असावं लागतं, ते दोघांत फार पूर्वीच संपलं होतं.

या गेम कंपनीची किंमत काढायचं काम अकरा वर्षं त्यांच्याकडे होतं. सहा वर्षांपूर्वी एका बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, की जो गेम आपण खेळलो नाही त्याची किंमत काढणं म्हणजे भाजी न चाखताच मीठ कमी पडलंय म्हणणं. लोक हसले, पण परवानगी मिळाली. तेव्हापासून कामाच्या दिवशी एक वाजला, की मास्तर केबिनचं दार लोटून घेत, डबा उघडत आणि एक हात डब्यात, एक हात कीबोर्डवर, अशा थाटात गावात जात. एक चाळीसला परत येत. कामाच्या वेळेचा जो तक्ता भरून द्यावा लागे, त्यात या चाळीस मिनिटांपुढे ते ‘क्षेत्रपाहणी’ असं लिहीत.

गावात करण्यासारखं फारसं नव्हतं. मासे धरायचे, झाडं लावायची, दिवे विकत घेऊन घराला टांगायचे आणि कंटाळा आला की तळ्याच्या धक्क्यावर पाय सोडून बसायचं. पहिल्याच महिन्यात मास्तरांना त्या धक्क्यावर कंदील भेटली. कंदील हे तिचं गावातलं नाव. मोठ्या टोपीची एक बुटकी आकृती, चेहरा म्हणून दोन ठिपके. जे काही बोलायचं ते टाइप करून. आवाज नाही, फोटो नाही. ती बाई आहे हे मास्तरांना ‘आले’ आणि ‘गेले’वरून कळलं, तेही आठवड्याने.

सुरुवातीला ते कामापुरतंच बोलत. हा दिवा का घेतलात? अजून किती दिवस खेळाल? काय झालं तर सोडाल? ती सरळ उत्तरं द्यायची, आणि मास्तर ती वहीत उतरवून घ्यायचे. वहीत तिचं नाव नुसतं ‘क’ होतं. ‘क ने निळा दिवा घेतला. कारण: जुन्याचा कंटाळा.’ अशा सात वह्या भरल्या. त्यांच्या प्रत्येक अहवालात मग एक वाक्य ठरून गेलं, की एकटे येणारे जुने खेळाडू सहसा हा गेम सोडत नाहीत. त्यांनी काढलेली कंपनीची निम्मी किंमत त्या वाक्यावर उभी होती, आणि ते वाक्य कंदीलवर.

वहीत न उतरलेलंही पुष्कळ होतं. मास्तरांची दाढ दुखत असताना तिने त्यांना चार दिवस रोज विचारलं होतं आणि डावीकडून चावा म्हणून दटावलं होतं. एकदा मास्तरांना काहीच बोलावंसं वाटत नव्हतं, तर ती चाळीस मिनिटं शेजारी गप्प बसून राहिली आणि शेवटी फक्त ‘उद्या’ असं लिहून गेली. सकाळी दात घासताना मास्तर ठरवत, की आज कंदीलला काय सांगायचं. दिवसात त्यांना तेवढीच एक गोष्ट सांगायची असे आणि ऐकायला तेवढंच एक माणूस असे. तिच्यावर त्यांचा जीव जडला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःला सांगताना त्याला क्षेत्रपाहणी म्हटलं होतं.

आणि आता ही कंदील पगारावरची असण्याची शक्यता होती.

फोन संपतो न संपतो तोच मॅडम दार ढकलून आत आल्या. मॅडम म्हणजे या ऑफिसच्या प्रमुख; मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पायाला भिंगरी लावल्यासारख्या. मास्तरांच्या प्रश्नावर त्या बेहद्द खूश होत्या. इतक्या वर्षांत हे कुणालाच कसं विचारावंसं वाटलं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मास्तरांना ते लागलं, कारण विचारायचं काम त्यांचंच होतं. मॅडमनी उभ्याउभ्याच गणित मांडलं. खर्च जाणार, नफा वाढणार, आणि शेअर तर मातीमोल झालाय. त्यांच्या अंदाजाने खरी किंमत एकशे नव्वदच्या घरात होती. पण पैसे लोकांच्या म्हातारपणाचे आहेत, मास्तरांच्या आकड्याशिवाय आपण एकही शेअर घेणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

“गुरुवारी चारला बसू. मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय,” त्या म्हणाल्या. “हे सोबती गेल्यावर ती एकटी माणसं टिकतील ना?”

“बघून सांगतो.”

मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पावणेदोनपर्यंत बसूनच राहिल्या. सहा वर्षांत मास्तरांचा कामाच्या दिवशी पहिल्यांदाच खाडा झाला.

बुधवारी तर ते आपण होऊनच गेले नाहीत. त्यांना भीती वाटली. एक वाजला तेव्हा त्यांनी संगणकाकडे पाठ केली आणि सातही वह्या टेबलावर मांडल्या. कंदील पगारी असेल तर सहा वर्षांचं ते वाक्य धडधडीत खोटं होतं. जिच्या चिकाटीची ते ऑफिसला ग्वाही देत होते, तिला चिकाटीचे पैसे मिळत होते. कंपनीची किंमत काढणाऱ्या माणसाला कंपनीनेच सहा वर्षं झुलवलं, असं झालं असतं. नोकरीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण मास्तर पानामागून पान उलटत होते ते नोकरीच्या काळजीने नक्कीच नाही.

त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि पुरावे जमवायला लागले. ती ठोक्याला एक वाजता यायची. शनिवारी-रविवारी कधी नाही. एका रविवारी मास्तर मुद्दाम घरून गेले होते आणि दोन तास धक्क्यावर एकटेच बसून आले होते. तिने कधी आपलं काम सांगितलं नाही, घरचं काही सांगितलं नाही. कधी चिडली नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मास्तर काय काम करतात, हे तिने सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. जगात असं कुठलं माणूस आहे जे दुसऱ्याच्या आठव्या वाक्यापर्यंत हे विचारत नाही? तसा नियमच असणार. एकेका नोंदीपुढे प्रश्नचिन्ह पडत गेलं. संध्याकाळपर्यंत समास लाल झाले. दाढदुखी वहीत नव्हती, त्यामुळे तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढता आलं नाही.

घरी पोचून कुलूप काढताहेत तोच बहिणीचा फोन आला. ताई आठवड्यातून दोनदा फोन करून जेवणाची चौकशी करत असे. पण त्या दिवशी फोन आधी भाऊजींनी हिसकावला. त्यांनी कुणाला न विचारता हाच शेअर दोनशेला उचलला होता आणि आता त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. विकू की ठेवू, एवढंच सांग, दुसरं काही मागत नाही. मास्तरांनी नोकरीच्या नियमांवर बोट ठेवलं, तेव्हा घरच्या माणसाला काय उपयोग तुझ्या शिक्षणाचा, असं पुटपुटत त्यांनी फोन परत दिला.

“त्यांचं सोड,” ताई म्हणाली. “तू दिवसभरात कुणाशी बोलतोस की नाही रे?”

“बोलतो. ऑफिसात आहे एक जण.”

“बाई?”

“हो.”

ताई अगदी जपून म्हणाली, “मग घेऊन ये की एकदा घरी.”

“बघू,” मास्तर म्हणाले.

गुरुवारी डबा न उघडता मास्तर एकच्या ठोक्याला गावात गेले. कंदील धक्क्यावर आधीच येऊन बसली होती. ते शेजारी बसले. तळ्यात चार मासे गोल गोल फिरत होते, ते मासे गेल्या सहा वर्षांत कधी दमले नव्हते.

“दोन दिवस आला नाहीत,” तिने लिहिलं.

“कामात होतो.”

“असणारच.”

मास्तरांनी ‘तुम्हाला एक विचारू का’ असं टाइप केलं आणि खोडलं. मग ‘तुम्ही पगारावर आहात का’ असं टाइप केलं. ते पडद्यावर इतकं ओंगळ दिसलं, की तेही खोडलं. तेवढ्यात तिचंच पुढचं वाक्य आलं.

“मी बातमी वाचली. सोबती म्हणतात म्हणे तुम्हा लोकांना.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं.

“काही बोलू नका,” कंदीलने लिहिलं. “तुम्हाला सांगायची परवानगी नसणार. मला ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे.”

मग ती थांबत थांबत लिहीत राहिली. ठोक्याला एक वाजता येऊन एक चाळीसला उठणारं माणूस ड्युटीवरचंच असणार, हे तिने कधीच ओळखलं होतं. शनिवार-रविवार सुट्टी, तेही ओळखलं होतं. आणि ते प्रश्न! हा दिवा का घेतला, किती दिवस राहणार, कशाने सोडणार. कंपनीच्या माणसाशिवाय असं कोण विचारतं? तिला आधी जरा राग आला होता. मग वाटलं, बिचाऱ्याला वरती काहीतरी लिहून द्यावं लागत असेल. म्हणून ती सगळ्याची नीट, पूर्ण उत्तरं देत गेली, साहेबांनी त्याच्यावर ओरडू नये म्हणून. काय काम करता, हे कधी विचारलं नाही ते यासाठीच. विचारलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं. स्वतः ती चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत काचा घासायचं काम करत होती. एकला जेवणाची सुट्टी. शनिवारी-रविवारी गिऱ्हाईक इतकं, की उभ्यानेच दोन घास खायचे. हेही तिने कधी सांगितलं नव्हतं, कारण कंपनीला कशाला सगळं सांगायचं? आता तो विभागच बंद होतोय, तर सांगायला हरकत नाही.

मास्तर खुर्चीत मागे रेलले. आधी त्यांना आनंद झाला, आणि तो एवढा झाला, की केबिनच्या काचेतून कुणी बघत नाही ना ते त्यांनी वळून पाहिलं. ती खरी होती. तिला दुकान होतं, जेवणाची सुट्टी होती, काचा घासून दुखणारी बोटं असणार. डावीकडून चावा, हे तिने आपल्या मनाने सांगितलं होतं.

“मी कंपनीचा नाही,” त्यांनी टाइप केलं.

ते पाठवायला एक बटण दाबायचं होतं. मास्तरांचं बोट त्यावर जाऊन थांबलं. मी कंपनीचा नाही म्हटलं, की मग कुणाचा, हे आलंच. त्या तक्त्यातली ‘क्षेत्रपाहणी’ त्यांना आठवली. या चाळीस मिनिटांचे पैसे त्यांना सहा वर्षं मिळतच होते, फक्त देणारा वेगळा होता. टेबलावर सात वह्या तशाच पडल्या होत्या, आणि त्यांत ती ‘क’ होती. कंपनीचा सोबती निदान तिला बरं वाटावं म्हणून तरी आला असता. मास्तरांना लाज वाटली. त्यांनी एकेक अक्षर मागे नेत ते वाक्य पुसलं.

“दुसरीकडे कुठे बघितलंत का?” कंदीलने विचारलं. “नोकरीचं म्हणते मी.”

“अजून नाही.”

“मिळेल. तुम्ही ऐकून चांगलं घेता.”

“हे सगळं माहीत असून तुम्ही येत राहिलात?”

“डॉक्टर पैसे घेतो म्हणून आपण त्याला नाडी दाखवत नाही का?”

मासे फिरत राहिले. मग तिने लिहिलं, की आज तिचा शेवटचा दिवस. ते जाण्याआधी तीच जाणार. रिकाम्या धक्क्यावर बसणं तिला जमणार नाही, आणि नवीन कुणाशी पहिल्यापासून सुरू करायचं तिच्यात बळ नाही.

मी उद्याही येणार आहे, एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. बाकीचं नंतर सांगता आलं असतं, हळूहळू, एकेका दुपारी. मास्तरांना ते समजत होतं. पण चारला बैठक होती, मॅडमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घुमत होता, आणि समोर त्याचं उत्तर आपण होऊन चालत आलं होतं. पंचवीस वर्षांची सवय. त्यांच्या बोटांनी त्यांना विचारलंसुद्धा नाही.

“गेम कायमचा सोडाल, की थोड्या दिवसांनी परत याल?”

पाठवल्यावर त्यांना कळलं आपण काय पाठवलं ते.

“बघा,” कंदीलने लिहिलं. “शेवटच्या दिवशीसुद्धा.”

आणि थोड्या वेळाने, “कायमचा. लिहून घ्या.”

मोठ्या टोपीची आकृती उठली. तिने हात हलवला, म्हणजे त्या गेममध्ये हात हलवायची जी एकच तऱ्हा होती तसा हलवला, आणि तिचं नाव फिकट झालं. एक वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. मास्तरांनी मग भराभर सगळं टाइप केलं, आपण कोण, वह्या कसल्या, उद्या काय, सगळं. गेमने त्यांना सांगितलं, की ही व्यक्ती आता गावात नाही. त्यांनी कपाळ तळव्यात धरलं. बऱ्याच वेळाने सातवी वही उघडली आणि त्यात तारीख घालून लिहिलं, ‘क ने सोडलं. कायमचं.’

चारच्या बैठकीत मास्तरांनी एक पान वाटलं.

“पंच्याण्णव?” मॅडम म्हणाल्या.

मास्तरांनी समजावून सांगितलं. वरवर पाहता तो खर्च वायफळ वाटतो. पण एकटा खेळाडू गेमसाठी येत नाही, शेजारी कुणीतरी बसलेलं असतं म्हणून येतो. ते माणूस पगारी आहे हे कळलं तरी येतो. ते उठलं की तोही उठतो आणि परत येत नाही. सोबती विभाग बंद करून कंपनी आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेते आहे. बाजाराने तिला एकशे तीसचा भाव दिलाय, तोही जास्तच आहे.

“किती जणांशी बोललात?”

“एकीशी.”

“एका माणसावरून?”

“सहा वर्षं बोललोय.”

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या घाईच्या होत्या, पण त्यांना माणसं कळत. “मास्तर, खात्री आहे?” त्यांनी विचारलं.

“ती गेली तेव्हा मी समोर होतो.”

एकही शेअर घ्यायचा नाही असं ठरलं. उठताना मॅडम म्हणाल्या, की आज मास्तरांनी आपल्याला वाचवलं, आणि बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मास्तरांच्या सबंध नोकरीतला तो सगळ्यात अचूक आकडा होता. हे त्यांनाही पटत होतं, आणि त्याचा त्यांना मनापासून तिटकारा आला.

शुक्रवारी एक वाजता त्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं. तिथे आता पाहणी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ते गेले. ती येणार नाही हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. धक्क्यावर बसून त्यांनी डबा उघडला आणि तसाच ठेवला. एक दहा झाले. एक बारा.

हिरव्या सदऱ्यातली एक आकृती काठाकाठाने आली आणि पायरीपाशी थांबली.

“इथे कुणी बसतं का?” तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली.

“नाही,” मास्तरांनी लिहिलं.

तो माणूस बसला. आज मासे बरेच दिसताहेत, असं काहीसं म्हणाला. मास्तरांनी हो म्हटलं. सहा वर्षांत त्या दोघांजवळ असं कुणी येऊन बसलं नव्हतं, हे त्यांच्या आता लक्षात आलं. यायची गरजच पडली नव्हती. विभाग बंद व्हायला अजून तीन आठवडे होते. कुठल्यातरी खोलीत, कानाला हेडफोन लावून बसलेल्या कुणाच्या तरी पुढ्यात आज पहिल्यांदाच मास्तरांचं नाव गेलं होतं.

“रोज येता?”

“हो.”

“एकटेच?”

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं. मग हो म्हणाले.

“जागा छान आहे. तुम्ही काय काम करता?”

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसत व्हरांड्यातून गेलं. मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली.

“मी इथेच कामाला होतो,” त्यांनी लिहिलं. “तुमच्याच विभागात.”

हिरवी आकृती मास्तरांकडे वळली.

“किती वर्षं?” त्याने विचारलं.

“सहा.”

“कुणासोबत असायचात?”

“एक बाई होत्या. चष्म्याच्या काचा घासायच्या.”

“कशा होत्या?”

एक वीस झाले होते. मास्तर दोन्ही हातांनी सावकाश टाइप करायला लागले.